बागेचा जमाखर्च : रशियन नाटकातील श्रम आणि वर्ग यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

आंतोन चेखॉव्हच्या 'चेरीची बाग' या नाटकाच्या पहिल्या अंकात एक छोटासा संवाद आहे. बहुतेक प्रयोगांत तो हशा मिळवून निघून जातो. कर्जात बुडालेली जमीनदारीण ल्युबोव्ह रानेव्स्काया पॅरिसहून घरी परतली आहे. २२ ऑगस्टला तिची मालमत्ता लिलावात निघणार, हे व्यापारी लोपाखिन तिला पोटतिडकीने सांगतो आहे. बाग तोडा, जमिनीचे तुकडे पाडा, शहरातल्या लोकांना उन्हाळी घरांसाठी भाड्याने द्या, असा त्याचा सल्ला. यावर तिचा भाऊ गायेव सांगतो काय, तर आमच्या बागेचा उल्लेख ज्ञानकोशात आहे! तेवढ्यात ८७ वर्षांचा नोकर फिर्स मध्ये तोंड घालतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी इथल्या चेरी वाळवत, मुरवत, त्यांचे लोणचे घालत, मुरंबा करत. गायेव त्याला गप्प बसवतो, पण म्हातारा थांबत नाही. वाळलेल्या चेरी गाड्या भरभरून मॉस्कोला आणि खारकोवला जात. पैसा येई. चेरीही कशी मऊ, रसाळ, घमघमणारी असे, कारण तेव्हा लोकांना ती कृती येत होती. मग आता ती कृती कुठे आहे, असे रानेव्स्काया विचारते. विसरले सगळे, कुणालाच आठवत नाही, असे उत्तर येते. लगेच शेजारचा जमीनदार पिश्चिक चौकशी करतो की पॅरिसात बेडूक खाल्लेत का, आणि बाई म्हणतात, मगरी खाल्ल्या.

बेडूक आणि मगरी बाजूला ठेवून जरा हिशेब मांडू. नाटकाचा पहिला प्रयोग झाला १७ जानेवारी १९०४ रोजी, जुन्या रशियन पंचांगानुसार. त्यातून चाळीस-पन्नास वर्षे वजा केली की आपण १८६१च्या आसपास, बहुधा त्याच्या थोडे आधी, जाऊन पोचतो. १८६१ हे रशियात भूदासत्व रद्द झाल्याचे वर्ष. म्हणजे त्या गाड्या भरल्या जात होत्या तेव्हा चेरी तोडणारे, बिया काढणारे, त्या उन्हात पसरणारे आणि संध्याकाळी गोळा करणारे हात फुकटचे होते. ते हात मालकाच्या हुकमाखालून सुटले, आणि पुढे कधीतरी ती कृतीही 'विसरली गेली'. आता ही झाडे एक वर्षाआड फळतात आणि त्या फळाला गिऱ्हाईक नाही, असे लोपाखिन सांगतोच. ज्या बागेसाठी नाटकभर डोळे पुसले जातात ती एके काळी चक्क एक कारखाना होती. राबणारे निघून गेल्यावर तिचे जे उरले त्याला मालकांनी सौंदर्य हे नाव दिले. माझ्या मते नाटकाची किल्ली इथे आहे, आणि या सबंध अभ्यासक्षेत्राचा दरवाजाही तिनेच उघडतो.

रशियन नाटकातला वर्गसंघर्ष म्हटले की नवख्या वाचकाच्या डोळ्यांपुढे संप, भोंगा, लाल झेंडा आणि बंदुका येतात. तसे नाटक आहेही. मक्सिम गॉर्कीच्या १९०६च्या 'शत्रू' या नाटकात कारखाना आहे, टाळे ठोकण्याची धमकी आहे, मालकावर झाडलेली गोळी आहे, आणि खऱ्या मारेकऱ्याला वाचवण्यासाठी गुन्हा आपल्या अंगावर घेणारा तरुण कामगारही आहे. पण त्याआधीच्या सव्वाशे वर्षांतली रशियन रंगभूमी हा झगडा बहुतांशी घराच्या चार भिंतींत ठेवते. तो समोवाराभोवती असतो, कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असतो, थकलेल्या पगारात असतो, कुणी कुणासमोर बसायचे नि कुणी उभे राहायचे यात असतो. घोषणांची सवय झालेल्या कानांना तो ऐकू यायला वेळ लागतो. या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याने मोठ्या भाषणांइतकेच, किंबहुना जास्तच, नाटकातल्या आकड्यांकडे लक्ष द्यावे, असे मी सुचवीन. रशियन नाटककार रूबल आणि कोपेकच्या बाबतीत कमालीचे चोख असतात.

थोडा इतिहास हाताशी असायला हवा. मुक्तीच्या वेळी खासगी जमीनदारांच्या ताब्यात सुमारे २ कोटी ३० लाख भूदास होते. काही जण आठवड्यातले ठरावीक दिवस मालकाच्या शेतावर राबत, त्याला बार्शिना म्हणत. काही जण रोख किंवा मालाच्या रूपात ठरावीक देणे भरत, ते ओब्रोक. तिसरा गट द्वोरोव्ये, म्हणजे वाड्यावरचे: स्वयंपाकी, खिदमतगार, दाया, शिकारी कुत्रे सांभाळणारे, कधी कधी वादक आणि नटसुद्धा. आपल्याकडच्या वेठबिगारीवरून याची कल्पना करता येते, पण ती जरा बेताने करावी. रशियन भूदास कायद्यानेच मालकाचा होता. त्याची गणना 'आत्मे' या एककात होई, त्याची खरेदी-विक्री होई आणि तो गहाणही पडे. १८५९च्या सुमारास जमीनदारांनी आपले जवळजवळ दोन तृतीयांश भूदास सरकारी संस्थांकडे गहाण टाकलेले होते. दुसरे असे, की आपल्याला जातीच्या चष्म्यातून पाहण्याची सवय. रशियात मालक आणि भूदास बहुतेक ठिकाणी एकाच चर्चमध्ये एकाच देवापुढे गुडघे टेकत आणि एकच भाषा बोलत. म्हणून लोपाखिनसारखा माणूस एका पिढीत दिवाणखान्यात येऊन बसू शकतो. मात्र त्याचे अक्षर वाईट, पुस्तक हातात घेतले की झोप लागते, आणि हे तो स्वतःच पुनःपुन्हा बोलून दाखवतो.

१९ फेब्रुवारी १८६१च्या जाहीरनाम्याने माणूस मोकळा झाला. जमिनीचे मोल मात्र त्याच्याच गळ्यात पडले. सरकारने जमीनदारांना रोख्यांच्या रूपात भरपाई दिली, त्यातून त्यांची जुनी कर्जे वळती करून घेतली, आणि शेतकऱ्यांनी ती रक्कम दरसाल ६ टक्क्यांप्रमाणे ४९ वर्षे फेडायची असे ठरवले. हे हप्ते १९०५च्या क्रांतीच्या दबावाखाली १९०७पासून रद्द झाले. म्हणजे 'चेरीची बाग'चा पडदा पहिल्यांदा वर गेला तेव्हा नाट्यगृहाबाहेरचा शेतकरी आपल्या स्वातंत्र्याचे हप्ते अजून भरत होता. मॉस्कोतल्या त्या संध्याकाळच्या प्रेक्षकाला हे वेगळे सांगायची गरज नव्हती. आपल्याला आहे.

आता रंगभूमीकडे. फोनविझिनच्या 'नेदोरोस्ल' या १७८२च्या प्रहसनात प्रोस्ताकोवा नावाची जमीनदारीण आहे. शिवणकाम कधी न शिकलेल्या भूदासाकडून ती अंगरखा शिवून घेते आणि वर तो तंग झाला म्हणून त्याच्यावर खेकसते. एक मोलकरीण तापाने फणफणली आहे, वातात बडबडते आहे, असे कानावर आल्यावर ही बाई संतापते. जणू काही वातात बडबडणे हा घरंदाजांचा हक्क! तिच्या लाडोबाला सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या दाईला तिचा मेहनताना विचारला तर ती वर्षाचे रूबल पाच आणि दिवसाच्या थपडा पाच, असा चोख हिशेब देते. प्रेक्षक हसतो आणि हसता हसता पगारपत्रक वाचतो. ग्रिबोयेदोवच्या 'बुद्धीपायी दुःख'मध्ये एका जमीनदाराने आपल्या इमानी नोकरांच्या बदल्यात तीन शिकारी कुत्रे घेतल्याचा, तर दुसऱ्याने हौसेने उभ्या केलेल्या भूदास बालकांच्या नृत्यपथकाची एकेक करून विक्री केल्याचा उल्लेख येतो.

शेवटचा उल्लेख कल्पनेतला वाटत असेल तर तसा तो नाही. रशियन रंगभूमीचा पाया बऱ्याच अंशी भूदासांनीच घातला. शेरेमेत्येव सरदारांच्या कुस्कोवो आणि ओस्तान्किनो इथल्या वाड्यांवर भूदास नट-गायकांची अख्खी मंडळी होती. त्यांतली श्रेष्ठ गायिका प्रास्कोव्या झेम्चुगोवा हिच्याशी खुद्द मालकाने १८०१मध्ये लग्न केले, पण ते लपूनछपून. दोन वर्षांत ती गेली. मिखाईल श्चेप्किन हा एकोणिसाव्या शतकातला थोर नट १७८८मध्ये भूदास कुटुंबात जन्मला. त्याच्या सुटकेसाठी चाहत्यांनी वर्गणी काढली, आणि तिशी उलटल्यावर तो मोकळा झाला. ज्याने स्वतःला विकत घेतले जाताना पाहिले, त्याच माणसाने पुढे मॉस्कोत फामुसोवची भूमिका गाजवली. हा फामुसोव म्हणजे ग्रिबोयेदोवच्या नाटकात नोकरांना हद्दपारीची धमकी देणारा बडा मालक. रंगमंचावर वर्ग कसा दिसतो हे अभ्यासताना रंगमंचावर कोण उभे होते हेही पाहावे लागते ते अशासाठी.

ऑस्त्रोव्स्कीपाशी आले की वाड्यातून दुकानात आल्यासारखे वाटते. १८५९च्या 'वादळ'मध्ये व्होल्गाकाठचे एक गाव आहे. आपण सगळे ते नायिका कातेरिनासाठी, तिच्या घुसमटीसाठी आणि नदीत उडी घेऊन झालेल्या शेवटासाठी वाचतो. त्यात वावगे काही नाही. पण पहिल्या अंकात कुलिगिन हा स्वयंशिक्षित कारागीर नवख्या बोरिसला गावाची ओळख करून देतो, तो प्रवेश सावकाश वाचावा. दिकोय या श्रीमंत व्यापाऱ्याविरुद्ध मजूर तक्रार घेऊन नगरप्रमुखाकडे जातात, की हा कुणाचाच हिशेब पुरता चुकता करत नाही. नगरप्रमुख त्याला जाब विचारतो. दिकोय त्याच्या खांद्यावर थाप मारतो आणि खुलासा करतो: वर्षभरात माझ्याकडे पुष्कळ माणसे येतात-जातात, माणशी एक कोपेक कमी दिला तरी माझे हजारो होतात. विषय संपला. मजुरी कापण्याचे इतके साधे, इतके निर्लज्ज गणित त्या काळच्या नाटकात मला दुसरीकडे आढळलेले नाही. कुलिगिनच्या डोक्यात अक्षय गतीच्या यंत्राचे खूळ आहे. त्यावर इंग्रज दहा लाख देतील आणि त्या पैशातून गावातल्या लोकांना काम देता येईल, हात आहेत पण हातांना काम नाही, असे त्याचे स्वप्न. हे वेड हास्यास्पद आहे. बेकारी मात्र नाही. दोब्रोल्युबोव या तरुण समीक्षकाने एका निबंधात ऑस्त्रोव्स्कीच्या जगाला 'अंधाराचे राज्य' म्हटले, आणि रशियात समाजाच्या अंगाने नाटक वाचण्याची जी परंपरा पुढे जोमाने वाढली तिच्यात त्या निबंधाचा वाटा मोठा आहे. तो आजही वाचनीय आहे, जरा शब्दबंबाळ असला तरी.

चेखॉव्हला हे सगळे घरातूनच ठाऊक होते. त्याचा आजोबा भूदास होता. त्याने १८४१मध्ये ३,५०० रूबल मोजून आपली आणि कुटुंबाची सुटका करून घेतली. वडिलांचे तागानरोगमध्ये किराणा दुकान होते, लहानग्या आंतोनला थंडीत कुडकुडत त्या दुकानात बसावे लागे. १८७६मध्ये दिवाळे वाजल्यावर वडील सावकारांना चुकवून मॉस्कोला पळाले. म्हणजे लोपाखिनची वंशावळ आणि चेखॉव्हची वंशावळ बरीचशी एकच आहे. दुकानदाराचा मुलगा, भूदासाचा नातू, पुढे नामांकित डॉक्टर आणि लेखक, आणि मेलिखोवोला स्वतःचा जमीनजुमला घेणारा मालकसुद्धा. म्हणून लोपाखिनची भूमिका त्याला उथळ, आरडाओरडा करणाऱ्या व्यापाऱ्याची नको होती. ती नट-दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्कीने करावी अशी त्याची इच्छा होती. स्तानिस्लाव्स्कीने मात्र गायेव केला. स्वतः सधन कारखानदार घराण्यातला हा माणूस व्यापाऱ्याची भूमिका टाळून सरदाराची उचलतो, यात मला थोडी गंमत वाटते.

'चेरीची बाग'च्या आधी चेखॉव्हने या विषयाची दोन रूपे हाताळली होती. 'अंकल वान्या'त शोषण एकाच घरात, एकाच वर्गात घडते. वान्या २५ वर्षे शेती सांभाळतो, त्याची भाची सोन्याही राबते, दोघे पै-पै करून तिच्या वडिलांना, प्राध्यापकमहाशयांना, पाठवतात, आणि ते शहरात बसून कलेवर लेख लिहितात. एके दिवशी येऊन म्हणतात, ही मालमत्ता विकून टाकू. आयत्या बिळावरचा नागोबा तो हाच. वान्या गोळी झाडतो हे सर्वांच्या लक्षात राहते. त्याआधी तो ओरडून सांगतो की मला वर्षाला ५०० रूबल पगार होता आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला त्यात एका रूबलची भर घालावीशी वाटली नाही. हे गाऱ्हाणे मला पिस्तुलापेक्षा जास्त लक्षात राहते. 'तीन बहिणी'त ऐंशी वर्षांची दाई आन्फिसा आहे. नवी मालकीण नताशा तिच्यावर किंचाळते, माझ्यासमोर बसायची हिंमत कशी झाली. आता हिचा उपयोग नाही, हिला घालवा, असा तिचा सरळ युक्तिवाद. याच नाटकात खानदानी तरुण मंडळी श्रमाची महती गात असतात. लहानपणी ज्याचे बूट नोकर ओढून काढत असे तो तुझेनबाख भविष्यातल्या कष्टांची स्वप्ने रंगवतो. धाकटी बहीण इरिना तारखात्यात खरीखुरी नोकरी धरते, आणि हे ते काम नव्हे, यात ना कविता ना विचार, अशा तक्रारीने थकून घरी येते. श्रमाचे गोडवे आणि श्रम यांतले अंतर चेखॉव्हने इथे मोजून दाखवले आहे.

आता पुन्हा फिर्सकडे. मुक्ती मिळाली तेव्हा मी ती घेतली नाही, मालकांपाशीच राहिलो, असे तो सांगतो, आणि त्या घटनेला तो 'अरिष्ट' म्हणतो. खाल्ल्या मिठाला जागणारा म्हातारा, गुलामगिरी हाडीमाशी खिळलेला, असा त्याचा अर्थ नेहमी लावला जातो. तो चूक आहे असे नाही. पण एक गोष्ट नजरेआड होते. १८६१च्या कायद्याने वाड्यावरच्या भूदासांना जमिनीचा तुकडासुद्धा दिला नाही. शेतकऱ्याला तुटपुंजी का होईना, जमीन मिळाली. द्वोरोव्येंना मिळाली ती फक्त मोकळी वाट. त्या वेळी फिर्स चाळिशी ओलांडलेला वरिष्ठ खिदमतगार होता. कोट झटकणे आणि कॉफी आणणे एवढेच ज्याला येते त्याने कुठे जायचे? त्याच्या 'निष्ठे'मागे हा कोरा हिशेब आहे. म्हणून इतिहासकारांची पुस्तके नाटकाशेजारी उघडी ठेवावीत. जेरोम ब्लम यांचा जमीनदार आणि शेतकरी यांच्यावरचा ग्रंथ, झायोन्चकोव्स्कींचे मुक्तीच्या कायद्यावरचे काम, आणि अमेरिकी गुलामगिरी व रशियन भूदासत्व यांची तुलना करणारे पीटर कोल्चिन यांचे १९८७चे पुस्तक, एवढ्याने नवशिक्याचे बरेच भागते.

घरातल्या खाण्यापिण्याकडेही पाहा. दुसऱ्या अंकात रानेव्स्काया कबूल करते की घर सांभाळणारी वार्या काटकसरीसाठी आम्हाला दुधाचे सूप वाढते, स्वयंपाकघरात म्हाताऱ्यांना नुसते वाटाणे मिळतात, आणि मी मात्र पैसे उधळते. त्यानंतर थोड्याच वेळात एक फाटका वाटसरू येऊन तीस कोपेक मागतो आणि ती त्याच्या हातावर सोन्याचे नाणे ठेवते. वार्या कळवळून म्हणते, घरच्या माणसांना खायला नाही आणि तुम्ही हे काय केलेत! मालकिणीचे औदार्य खरे आहे, मन खरोखर मोठे आहे, आणि ते दुसऱ्यांच्या ताटातले आहे. चेखॉव्ह दोन्ही गोष्टी एकदम सांगतो आणि कुठेही बोट रोखत नाही.

वार्या ही स्वतः एक अवघड जागा आहे. ती मानलेली मुलगी, कमरेला किल्ल्या, दिवसभर काम. पगार मिळत असल्याचा उल्लेख नाही. नोकर तिला कंजूष म्हणतात, घरचे तिला हसतात. लिलावाची बातमी येताच ती किल्ल्या काढून जमिनीवर टाकते. बायकांच्या घरातल्या कष्टांना मोल असते की नसते, असले तर ते कोण देते, या प्रश्नावर अभ्यासकांनी वार्यापासून सुरुवात करायला हरकत नाही.

लोपाखिनविषयी एक निरीक्षण नोंदवतो, कारण त्यावर फारसे बोलले जात नाही. चौथ्या अंकात तो विद्यार्थी त्रोफिमोवला सांगतो की वसंतात मी हजार देस्यातिना खसखस पेरली आणि त्यातून ४० हजार निव्वळ कमावले. हजार देस्यातिना म्हणजे आपले सुमारे २,७०० एकर. आणि पुढे म्हणतो, ती फुलली होती तेव्हा काय दृश्य होते! इथे मी दरवेळी थबकतो. एवढ्या शेताची खुरपणी कुणी केली, बोंडे कुणी खुडली, त्यांना काय मिळाले, याबद्दल एक अक्षर नाही. जुन्या मालकांना चेरीचा बहर दिसतो, नव्या मालकाला खसखशीचा. राबणारे दोन्हीकडे चित्राबाहेरच आहेत. ज्या वाड्याच्या स्वयंपाकघरातही बाप-आजोबांना शिरकाव नव्हता तो वाडा आपण घेतला, हा तिसऱ्या अंकातला त्याचा उन्माद अस्सल आहे, अंगावर काटा आणणारा आहे. म्हणून तो वर्गसंघर्षातला विजय ठरत नाही. मालक बदलला, एवढेच. पहाटे पाचच्या आतच उठणारा हा माणूस स्वतः ढोरमेहनत करतो यात शंका नाही, पण कुऱ्हाडी चालवणारे दुसरेच असतात, आणि त्यांचा चेहरा आपल्याला दिसत नाही.

चौथा अंक मी नेहमी नोकऱ्यांचा बाजार म्हणून वाचतो. गायेवला बँकेत वर्षाला ६ हजारांची जागा मिळाली आहे. तो टिकायचा नाही, फार आळशी, असे लोपाखिनचे भाकीत. वार्या ७० व्हर्स्टांवरच्या एका घरी कारभारीण म्हणून चालली. कारकून येपिखोदोव नव्या मालकाकडे लागला. घरची शिक्षिका शार्लोटा आपल्यालाही काम पाहा म्हणून विनवते. तरुण नोकर याशा पुन्हा पॅरिसला निघाला, आणि निरोप घ्यायला आलेल्या आईला त्याच्याकडे वेळ नाही. फिर्सला इस्पितळात पाठवायचे आहे. पाठवले का, असे रानेव्स्कायाची मुलगी आन्या विचारते. याशा म्हणतो, सकाळी सांगितले होते, पाठवले असेल. पुन्हा विचारल्यावर म्हणतो, येगोरला सांगितले, दहादा काय विचारायचे! वार्या दाराआडून खात्री करून घेते, आणि मग डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी का नेली नाही, असेही विचारते. चिठ्ठी मागून पाठवू, असे ठरते. यांत कुणीही दुष्ट नाही. प्रत्येकाने विचारपूस केली आहे. आजच्या कुठल्याही मोठ्या कचेरीत काम केलेल्या माणसाला ही साखळी ओळखीची वाटेल.

सेन्सॉरने या नाटकाला सुखासुखी सोडले नाही. दुसऱ्या अंकातल्या त्रोफिमोवच्या बोलण्यातले दोन उतारे त्याला खटकले: कामगार एकेका खोलीत तीस-चाळीस जण कसे उशीविना झोपतात याचे वर्णन, आणि जिवंत माणसांची मालकी सांगण्याने तुम्हा सगळ्यांना कसे बदलून टाकले, हा आन्याला ऐकवलेला भाग. चेखॉव्हला त्या जागी मवाळ मजकूर घालावा लागला. मूळ शब्द पुढच्या काळातल्या आवृत्त्यांत परत आले. सोव्हिएत काळात मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. त्रोफिमोव आणि आन्या उद्याच्या क्रांतीचे अग्रदूत ठरले. हे वाचन मला पटत नाही. त्रोफिमोव म्हणतो ते खरे आहे, पण म्हणणारा माणूस अनुवादाच्या तुरळक कमाईवर जगणारा, पदवी पुरी न करणारा, स्वतःचे गमबूटही न सापडणारा आहे, हे चेखॉव्ह आपल्याला विसरू देत नाही. खरे बोलणाऱ्याला हास्यास्पद करणे ही त्याची जुनी खोड.

प्रयोगांचा इतिहास हा या क्षेत्रातला सगळ्यात रंजक भाग. स्तानिस्लाव्स्कीला नाटक शोकांतिका वाटले, चेखॉव्ह अखेरपर्यंत सुखात्मिकाच म्हणत राहिला आणि १९०४च्याच जुलैत वारला. वाद अजून मिटलेला नाही. माझे मत विचाराल तर, प्रेक्षक बागेसाठी रडला की शोकांतिका होते आणि वाटाण्यांकडे पाहू लागला की सुखात्मिका. १९७५मध्ये अनातोली एफ्रोसने तागान्का नाट्यगृहात व्लादिमीर व्हिसोत्स्कीला लोपाखिन म्हणून उभे केले. कवी-गायक म्हणून देशभर लाडका असलेला हा नट त्या भूमिकेत आला आणि 'व्यापारी' या शब्दाची धारच बदलली. १९७७मध्ये ट्रेव्हर ग्रिफिथ्सने नॉटिंगहॅमसाठी केलेल्या रूपांतरात राजकीय बाजू ठसठशीत केली. जॅनेट सुझमनने १९९०च्या दशकात हे नाटक दक्षिण आफ्रिकेत नेले, वर्णभेदानंतरच्या काळात, आणि तिथे लोपाखिन काळा झाला. हे रूपांतर मूळ नाटकाच्या अंगावर इतके सहज बसते याचे कारण बाग कुणी फुलवली हा प्रश्न तिथेही उघडा होता.

गॉर्कीविषयी इथे थोडक्यात आवरतो. १९०२चे 'तळाशी' हे नाटक रैनबसेऱ्यांच्या जगाचे. तालमींच्या काळात मॉस्को आर्ट थिएटरची मंडळी गिल्यारोव्स्की या वार्ताहराला सोबत घेऊन मॉस्कोतल्या खित्रोव बाजारातले रैनबसेरे प्रत्यक्ष पाहून आली होती. त्यातल्या सातिनची भाषणे प्रसिद्ध आहेत. माझे लक्ष क्लेश्च या कुलूप-कारागिरावर असते. मी कष्टकरी आहे, या रिकामटेकड्यांतला नाही, इथून बाहेर पडणारच, असा त्याचा सुरुवातीचा तोरा. बायकोच्या अंत्यसंस्कारापायी त्याची अवजारे विकली जातात. शेवटच्या अंकात तो त्याच रिकामटेकड्यांत बसून कुणाचा तरी अकॉर्डियन दुरुस्त करत असतो. मराठी वाचक गॉर्कीकडे बहुधा अण्णा भाऊ साठ्यांच्या वाटेने येतो. १९६१मध्ये अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले, त्यावर त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. ती वाट चांगली आहे. फक्त गॉर्कीपाशी थांबू नये, मागे फोनविझिनपर्यंत जावे.

कुठून सुरुवात करावी, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी चेखॉव्हचे नाव घेत नाही. तोलस्तोयचे 'ज्ञानाची फळे' घ्या, असे सांगतो. १८८९च्या अखेरीस यास्नाया पोल्याना इथे घरगुती हौशी मंडळींनी ते पहिल्यांदा केले. कुर्स्क प्रांतातून तीन शेतकरी जमीन विकत घ्यायला शहरातल्या मालकाच्या घरी आले आहेत. थोडी रक्कम जवळ आहे, बाकीचे हप्त्यांनी देतील. मालक आधी कबूल झाला होता, आता एकरकमी मागतो. त्यांतला एक शेतकरी नाटकभर एकच रड लावून असतो: जमीन इतकी कमी, की कोंबडीचे पिल्लू सोडायलासुद्धा जागा नाही. घरातले बडे लोक मात्र आत्म्यांशी बोलण्याच्या बैठका भरवण्यात दंग. दुसरा अंक पूर्ण नोकरांच्या स्वयंपाकघरात घडतो. चुलीवर दारूने वाया गेलेला जुना आचारी लोळतो आहे, आणि आचारीणबाई पाहुण्या शेतकऱ्यांना वरच्या मजल्यावर कोण काय, किती आणि कितीदा खाते याचे साग्रसंगीत वर्णन ऐकवते आहे. ते बिचारे तोंडात बोट घालून ऐकतात. शेवटी तान्या ही मोलकरीण अंधाऱ्या बैठकीत स्वतःच भुताचे काम करते, विक्रीचा कागद टेबलावर टाकते, आणि आत्म्यांचीच इच्छा म्हणून मालक मुकाट्याने सही करतो.